ते पाणी पिवळट नव्हतं

ऑक्टोबर आला की मला राग येतो. उन्हाचा नाही. ऊन दरवर्षी तेच करतं, पाऊस पाठ फिरवतो न फिरवतो तोच मुंबईला वाफवायला घेतं. मला राग येतो तो झेंडूचा वास आला की. झेंडू, नुकतीच धुतलेली ओली लादी, आणि त्या दोन्हींच्या खालून येणारा, घशाला लागणारा ॲसिडचा वास. हा तिसरा वास आता कुठेच नसतो. तरी मला तो येतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझी गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्. फोन केला तर एक मेकॅनिक आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटं यंत्र. यंत्राचे दोन चिमटे त्याने बॅटरीला लावले, आकडा पाहिला न पाहिला, आणि म्हणाला, ‘‘काका, बॅटरी डेड. नवीन टाकू.’’

‘‘टर्मिनल बघितलंस?’’

‘‘त्यात काय बघायचं?’’

‘‘पट्टा? चार्जिंग होतंय का ते?’’

‘‘काका, आजकाल एवढं कोण बघत नाय. बॅटरी बदलली की टेन्शन खतम.’’

मी त्याच्यावर ओरडलो. इतका, की वॉचमन खुर्ची सोडून आला आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत आल्या. वरून गरम पाण्याचं भांडं मागवलं. टर्मिनलवर पांढरट निळी बुरशी चढावी तसा थर साचला होता. तो पाण्याने विरघळवला, जुन्या ब्रशने घासला, क्लॅम्प आवळला, वर बोटभर ग्रीस फासलं. एका फटक्यात गाडी सुरू झाली.

‘‘तुम्हाला येतं ना सगळं,’’ तो यंत्र गुंडाळत म्हणाला, ‘‘मग मला बोलावलं कशाला?’’

प्रश्न बरोबर होता. हे काम सोडून मला वीस वर्षं झाली. पुढे एका कंपनीत स्टोअर्सला लागलो, तिथेच केस पिकले. गाडी घेतली, पण तिचं बॉनेट मी स्वतः उघडत नाही. उघडलं की आत बस्त्याव मामा वाकलेले दिसतात.

तर आता सांगतोच.

गिरण्यांचा संप होऊन तीनेक वर्षं झाली होती. माझे वडील जोगेश्वरीच्या चाळीत दारातल्या स्टुलावर बसून असायचे. संप संपला कधी, हरला कोण, हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नाही. बोलायचे कमी. मी सकाळी डबा घेऊन निघालो की एकच वाक्य मालवणीत पाठीवर यायचं, ‘‘नोकरी सांभाळ हां. एक घराक बसलो, तां पुरे झाला.’’ हे वाक्य मी माझ्या बचावासाठी इथे आणलेलं नाही. आणलं असेल तर तेही खोटंच समजा.

नोकरी अंधेरी पूर्वेला, एका शेठच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात. दुकान म्हणजे पत्र्याखालचे दोन गाळे. एका गाळ्यात लाकडी फळ्यांवर रांगेने बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. झाकणं उघडी, आत मंद खदखद. कान लावला तर दूरवर कुठे तरी भात शिजतोय असं वाटावं. दुसऱ्या गाळ्यात बाक, पाने, डायनामोचे सांगाडे आणि बस्त्याव मामा.

मामा मरोळ गावठाणातले. आमच्यापेक्षा जुने मुंबईकर, क्रॉसच्या मागे तीन पिढ्यांचं कौलारू घर. मराठी आमच्यासारखंच, फक्त जरा पाण्यात भिजवून काढलेलं. पन्नाशी ओलांडलेली, बोटांची टोकं ॲसिडने गुळगुळीत झालेली. कामात त्यांचा एक क्रम होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. गाडी आली की आधी बॅटरीतली पाण्याची पातळी. मग टर्मिनल. मग डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा, अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर सैल. मग डायनामो. मग कटआऊट, म्हणजे चार्जिंग मोजून देणारी डबी. मग बल्ब लावून बघायचं की गाडी बंद असताना कुठून वीज गळत तर नाही ना. एवढं सगळं झाल्यावर शेवटी बॅटरी.

‘‘मेली मेली म्हणून घाई करू नको,’’ ते गिऱ्हाइकालाही सुनवायचे. ‘‘आधी तिला जेवायला मिळतंय का ते बघ. उपाशी माणसाला कोण पुरतो काय रे?’’

आणि पाणी. बॅटरीला शुद्ध पाणी लागतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण बाजारात बाटलीत मिळणाऱ्या पाण्यावर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘‘नळाखाली धरतात आणि बूच लावतात,’’ म्हणायचे. त्यांचं पाणी वरून यायचं. पहिल्या पावसाचं त्यांना कौतुक नव्हतं. ‘‘ते आकाशाचं भांडी घासलेलं पाणी. सलग दहा दिवस कोसळू दे. धूळ, धूर, सगळं खाली बसू दे. अकराव्या दिवशी धरायचं.’’ मग श्रावणात मरोळच्या अंगणात, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब, चार बांबू रोवले जायचे. त्यांना मामींनी साबण न लावता उकळून काढलेली पांढरी चादर बांधायची. मधोमध वजन म्हणून सोड्याच्या बाटल्यांतल्या काचेच्या गोट्या. दगड नाही, दगडात काय असेल सांगता येत नाही. गोट्यांखालून धार लागायची ती काचेच्या भांड्यात, आणि तिथून वेताच्या टोपलीत बसवलेल्या एका मोठ्या बरणीत. कारबॉय म्हणायचो आम्ही तिला. वर्षभर दुकानातली प्रत्येक बॅटरी ते पाणी प्यायची. अंधेरीपासून विलेपार्ल्यापर्यंतची गिऱ्हाइकं सांगायची, बस्त्यावच्या हातची बॅटरी पाच वर्षं मरत नाही.

त्या वर्षी चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं. आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत निथळत होतो. मामा पावसाकडे तोंड करून उभे होते, चष्मा खिशात, डोळे मिटलेले. ‘‘दिग्या, बघ कसं आहे.’’ मी बरणीतलं पाणी पाहिलं. काचेत काही आहे की नाही कळू नये, इतकं स्वच्छ. तसं मी सांगितलं. सांगावं लागायचं, कारण मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची ती काचेची नळी, तीही अलीकडे ते माझ्याकडे देत. ‘‘वाच रे किती आहे.’’ मी वाचायचो. ते मानायचे. माझे डोळे ते स्वतःचे म्हणून वापरत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकान धुवायचं होतं. मामा चहाला गेलेले, शेठ आलेला नव्हता. मी बाक सरकवला. बाकाचा पाय कारबॉयच्या टोपलीत अडकला आणि भरलेली बरणी आडवी झाली. बूच उडालं. वेतामुळे काच वाचली, आणि काच वाचली हेच वाईट झालं. फुटली असती तर लपवायला काही उरलं नसतं. अकराव्या दिवसाचा सगळा श्रावण लादीवरून वाहत गटारात गेला. लादी तशीही ओली होती. कोणाला काय कळणार?

मी काय केलं ते लिहायला हात जड होतो, म्हणून पटकन लिहितो. दुकानामागे विहीर होती, मचूळ पाण्याची. तोंडात धरवत नसे, हातपाय धुवायला वापरायचो. लादी धुवायची गंजकी बादली मी त्या विहिरीत सोडली आणि कारबॉय भरला. फडकं लावून गाळलं, मनाच्या समाधानासाठी. बूच बसवलं. पाणी ते पाणी, म्हटलं. नंतर गुपचूप बाटल्या आणून बदलून टाकू, म्हटलं. नंतर. या शब्दाचाही मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारांची पूजा असली की त्या दिवशी कोणी पाना उचलायचा नाही, हा दुकानाचा नियम. पाने, टेस्टलॅम्प, हायड्रोमीटर केळीच्या पानावर मांडले. मामा आपल्या आगेऱ्याच्या सणाला चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेल्या नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आले होते, त्या त्यांनी झेंडूच्या तोरणाशेजारी अडकवल्या. शेठने नारळ फोडला. मग म्हणाला, ‘‘अरे, असली माल तो बाकी रह्यो,’’ आणि कारबॉयच्या मानेला हार घातला, काचेला हळदीकुंकवाची बोटं लावली. मामांनी टोपलीवर प्रेमाने थाप मारली. ‘‘वर्षाची बेगमी.’’

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. विहिरीच्या पाण्याला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात बॅटऱ्या पाणी फार पितात. पंधरा दिवसांनी, आठ दिवसांनी, झाकणं उघडायची आणि ओतायचं. मी स्वतःच्या हाताने ओतत होतो. दिवाळी सरता सरता पहिली गाडी परत आली, अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंची. रात्री उभी केली, सकाळी मेली. मामांनी क्रम धरला. पातळी ठीक, टर्मिनल लख्ख, पट्टा घट्ट, डायनामो उत्तम. त्यांना काही सापडलं नाही. बॅटरी चार्ज करून दिली, वर पुन्हा तेच पाणी घातलं. चार दिवसांनी बाई पुन्हा हजर. मग दुसरी गाडी, मग तिसरी.

मामा गाडीखाली आडवे. पाठीखाली पोतं, डोळे किलकिले, हाताने वायर चाचपडत. ‘‘कुठून तरी गळतंय रे. सापडत कसं नाही?’’ मी बाजूला टॉर्च धरून उभा. तीन आठवडे मी टॉर्च धरली. कधी वाटायचं, आता सांगावं. मग एक गिऱ्हाईक म्हणायचं, ‘‘मामा, चष्मा बदला आता, नाहीतर धंदा बदला.’’ सगळे हसायचे. मीही थोडा हसायचो. त्या हसण्यासाठी मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी त्यांनी ती युक्ती केली जी आधी करायला हवी होती. परत आलेल्या तीन बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, कशालाही न जोडता फळीवर ठेवल्या. रोज सकाळी घनता मोजायची, खडूने भिंतीवर लिहायची. ‘‘गाडीत दोष असेल तर या तशाच राहतील.’’ मी नळी धरून वाचत होतो आणि, कबूल करतो, त्या दिवसांत एवढी एकच गोष्ट मी खरी सांगितली. आकडे रोज खाली. कशालाही न जोडलेल्या बॅटऱ्या आतल्या आत मरत होत्या.

चौथ्या दिवशी मामा खडू हातात घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. शेठ, डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर, आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

‘‘गाडी नाही,’’ मामा म्हणाले. ‘‘बॅटरीच्या आतच काहीतरी गेलंय.’’

‘‘आत काय जाते?’’ शेठ म्हणाला. ‘‘ॲसिड तेच, प्लेटी त्याच. आत जाते ते तुझा पाणी. बस्त्याव, यंदा तुझा पाऊस नापास झाला हां.’’

ड्रायव्हर खो खो हसला. मामा कारबॉयजवळ गेले. वाकून काचेत पाहत राहिले. त्या डोळ्यांना काय दिसणार होतं? त्यांनी बोट घालून चाखलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं. पण ॲसिडच्या दुकानात बोट तोंडात घालायचं नाही, हा त्यांचाच नियम. मला पहिल्या दिवशी शिकवलेला.

मग ते माझ्याकडे वळले. ‘‘दिग्या, आपण धरलं तेव्हा पाणी कसं होतं रे?’’

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात पुन्हा कोणी विचारला नाही.

‘‘थोडं पिवळट होतं मामा,’’ मी म्हणालो. ‘‘मी तेव्हाच बोलणार होतो.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तुम्ही एवढे खूश होता.’’

आणि मग जे झालं त्याचा मला माझ्याइतकाच, किंवा माझ्यानंतर लगेचच, राग येतो. सगळ्यांना ते पटलं. एका झटक्यात. एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘कारखाने किती झाले बघा. आकाशच नासलंय.’’ दुसऱ्याने मान डोलावली, ‘‘आमच्या बिल्डिंगीतल्या तुळशी करपल्या.’’ पाणी कोणी तपासलं नाही. बरणी कोणी हुंगली नाही. दोष आकाशाचा म्हटलं की सगळ्यांना किती बरं वाटतं. कोणाला काही करावं लागत नाही. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या मेकॅनिकवर मी ओरडलो, पण तो त्या दिवशी अंधेरीत हजर असता तर त्या घोळक्यात शोभला असता. आणि घोळक्याच्या पुढे मी होतो.

मामांनी कारबॉय स्वतः उचलला, दाराबाहेर नेला आणि ओतून टाकला. नीट ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत, बरणी उपडी धरून. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या येऊ लागल्या. गिऱ्हाइकं आल्या आल्या विचारायची, ‘‘पाणी बाटलीतलं ना मामा?’’ ‘‘बाटलीतलंच,’’ ते म्हणायचे. पुढच्या श्रावणात बांबू रोवले गेले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी काम सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. शेठने मला त्यांच्या बाकावर बसवलं. मी बसलो. पाच वर्षं बसलो. मग एक दिवस उठलो आणि पुन्हा कधी हायड्रोमीटर हातात धरला नाही.

वडिलांना मी कधी सांगितलं नाही. ते गेले तेव्हा समाधानात होते, पोराने नोकरी सांभाळली म्हणून.

गेल्या दसऱ्याला, त्या मेकॅनिकचा प्रश्न डोक्यात घेऊन, मी मरोळला गेलो. गावठाणाच्या चहूबाजूंनी इमारती उभ्या होत्या, क्रॉस तिथेच होता. मामा अठ्ठ्याहत्तरचे, ऑपरेशन झालेले, डोळे माझ्यापेक्षा चांगले. मला ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा येण्याआधी मी बोलून टाकलं. उभ्यानेच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, ‘‘कुठल्या विहिरीचं?’’

‘‘दुकानामागच्या.’’

‘‘बादली?’’

‘‘लादीची.’’

‘‘गंजकी ती.’’ ते बोटांवर मोजत होते, क्रम लावत होते. ‘‘मीठ आणि लोखंड. म्हणून आतल्या आत मरत होत्या.’’ क्षणभर, देवाशपथ, त्यांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद होता. मग तो विझला.

‘‘पंचवीस पावसाळे,’’ ते म्हणाले. ‘‘नातवंडं पावसात जायला रडायची. मी दार लावायचो. घाण पाऊस आहे म्हणायचो, अंगाला खाज येईल. ही सून हसायची मला. तिला ओरडायचो, कपडे आत घे. मी खिडकीतून बघायचो नुसता. तू मला पावसाची भीती घातलीस रे.’’

मी माफी मागायला तोंड उघडलं.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘मी पण चाखलं नाही. जगाला सांगत फिरलो तपासा, तपासा, आणि स्वतःचं पाणी चाखलं नाही.’’

तेव्हा मला त्यांचाही राग आला. एवढ्या वर्षांनी मी माझा दोष उचलून आणला होता आणि हा माणूस त्यातला अर्धा काढून घेत होता. ‘‘मामा, ते माझं आहे,’’ मी जवळजवळ ओरडलो. ‘‘ते माझं आहे.’’

‘‘मग घेऊन जा,’’ ते म्हणाले. ‘‘ऊठ. चहा नको पिऊस.’’

सून कपबशी घेऊन दारात उभी होती. मी तिच्या बाजूने बाहेर पडलो.

यंदा श्रावणात मी सोसायटीच्या गच्चीवर चार बांबू बांधले. सेक्रेटरी वर आले, ‘‘हे काय दिगंबरराव, पूजा आहे का?’’ हो म्हणालो. दहा दिवस मोजले. साबण न लावता उकळलेली चादर, काचेच्या गोट्या. हल्लीच्या बॅटऱ्यांना पाणी घालावंच लागत नाही, झाकणंच नसतात. या पाण्याची जगात कोणालाही गरज नव्हती. एक काचेची बाटली भरली आणि मरोळला नेली.

दार मामांनीच उघडलं. आत ये म्हणाले नाहीत. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती अंगणातल्या उजेडात धरली, कितीतरी वेळ, या बाजूने, त्या बाजूने. मग बूच काढलं, तळहातावर थोडं ओतलं, बोट बुडवलं, आणि ज्या बोटाने कामाची सगळी वर्षं स्वतःचं तोंड टाळलं ते जिभेवर ठेवलं.

‘‘माझं असंच होतं,’’ ते म्हणाले.

‘‘हो मामा. असंच होतं.’’

‘‘बाटली राहू दे. तू नीघ.’’

मी निघालो. क्रॉसपाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली. ‘‘दिग्या.’’ वळलो. ते दारातच होते, बाटली छातीशी धरून.

‘‘कितव्या दिवशी धरलंस?’’

‘‘अकराव्या.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘बरोबर,’’ म्हणाले, आणि दार लावून घेतलं.